किल्लीचं भेव

हिंगणघाट, ५ जानेवारी १९५६
परवाची सकाळ. सडा झाला होता, चुलीवर भाकर फुगत होती. वसंता, माझा धाकटा दीर, ताटावर बसलेला. घास तसाच टाकून उठला नि बँकेकडे धावला. परत आला तो एवढ्या थंडीत घामाने ओला.
"दाराचं कुलूप ओढून पाह्यलं वहिनी. लागलं व्हतं."
रोखपाल आहे. पण असं याआधी नव्हतं.

८ जाने., रविवार
आज सुट्टी, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. तरी ती चाचपायला वसंताचा हात कंबरेला जातो. सुपारी कातरतानाही. कापसाचा हंगाम, खिडकीशी दिवसभर रेटारेटी, वरून साहेब ओरडतात.
विचारलं, "तिजोरीले दोन किल्ल्या लागतात ना? एक साहेबाजवळ. मंग एकट्या तुह्या किल्लीनं काय उघडते?"
"काईच नाई."
"मंग भेव कायचं?"
"तेच तर समजत नाई!" हसला. मीही हसले.

११ जाने.
वाचनालयातून घरगुती औषधांचं पुस्तक आणलं. ताप, कावीळ, हगवण, सगळं आहे. हे नाही. कारण नसलेली भीतीही अंगाला खरीच लागते का? कोणी लिहिलंय का यावर?
शेजारची सखू म्हणते, "माहा नवरा दार सताड सोडून हिंडते. तुह्या दिराचं थोडं भेव त्याले उसनं दे माय!" वसंताने आतून ऐकलं. जेवला नाही.
हे असते तर भावाच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलले असते. काय, ते मला सुचत नाही.

१५ जाने.
"उद्या राजीनामा देतो वहिनी."
घर त्याच्या पगारावर. म्हटलं, "रजा माग."
"मांगतली. साहेब म्हणते, ताप कुठं हाय?"
"घरी बसल्यावर भेव जाईन काय?"
"काय माईत."
हो म्हणू की नाही...

१६ जाने.
सकाळी त्याने राजीनामा खिशात घातला. मी पदर नीट केला, चपला घातल्या.
"तू कुठं?"
"पाहाले."
बँकेत पहिल्यांदा पाय ठेवला. त्याच्या खिडकीसमोर बाकावर बसले. साहेब आले. "बाई, काय काम आहे?"
"काम नाई. आमचा वसंता कसा काम करते, ते पाहून राह्यली."
ते आपल्या टेबलाकडे गेले. वसंता मान वर करेना. बँक सुटली तरी कागद खिशातच.

१७ जाने.
आज पुन्हा जाऊन बसले.