शिंक माझी, नाव आईंचं

शुक्रवार, २६ सप्टेंबर

लाज वाटते. लिहायलासुद्धा लाज वाटते.

संध्याकाळी गोलूच्या, नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या, हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. नणंदेनं, श्रीदेवीनं, बाहुल्यांसमोर सांब्राणी धुपाचा धूर केला आणि मला एकामागून एक चार शिंका आल्या. शिंकलं की थोडं 'होतं' — धाकट्या अनयच्या बाळंतपणापासून, म्हणजे सात वर्षं. आज थोडं नव्हतं. साडी गडद म्हणून निभावलं, पण उठून बघते तर सतरंजीवर हा एवढा ओला डाग! शेजारी सासूबाई बसलेल्या. श्रीदेवीनं डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी हळूच म्हटलं, "आईंना आताशा होतं असं."

कुणी विचारलंही नव्हतं. तोंडातून निसटलं म्हणायचीही सोय नाही. नीट वाक्य जुळवून बोलले मी.

शनिवार, २७ सप्टेंबर

श्रीदेवीनं वेंकटला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो लगेच मेडिकलमधून मोठ्या माणसांचे डायपर घेऊन आला. आईंशी खोलीचं दार लोटून बोलत होता. मी डोसे घालत राहिले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

पुढच्या रविवारी तंजावरला आईंच्या थोरल्या भावाचं सहस्रचंद्रदर्शन. वेंकट म्हणाला, एवढे तास बस, आता नको. आईंनी वाद घातला नाही. एरवी कॉफीत साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेणारी बाई!

आज सांगायचंच म्हणून त्यांच्या खोलीत गेले. त्यांनीच माझा हात धरला.

"मला कळतच नाही गे, केव्हा होतं की. लुगडं सुकंच दिसतं."

मी 'हं' म्हटलं आणि बाहेर आले.

बुधवार, १ ऑक्टोबर

नाही बोलले.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आईंना सकाळी चक्कर आली. चार दिवस पाणी जेमतेम घोटभर पीत होत्या — 'व्हायला' नको म्हणून!

अंबत्तूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, लघवीही तपासली. पाणी कमी पडलंय, बाकी काही सापडत नाही म्हणाल्या. मग मला समजावलं: बाळंतपणात खालचे स्नायू सैल होतात, शिंक-खोकल्याचा जोर आला की लघवी सुटते, कितीतरी बायकांना असतं आणि सांगत कुणी नाही. ते स्नायू आवळायचे, धरायचे, सोडायचे. काही महिन्यांत फरक पडतो. धूळ-धुराची ॲलर्जी असेल तर तिचंही औषध घ्यायचं. सुनेनं सासूकडून रोज व्यायाम करून घ्यावा, असं बजावलं. मी मान डोलवत सगळं लिहून घेतलं. काय शहाणी सून!

सात वर्षांत स्वतःसाठी त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढले असते तर...

परतताना आई ऑटोत म्हणाल्या, तुला फार त्रास होतोय माझा. मी बाहेर रस्त्याकडे बघत बसले. थू माझ्यावर.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सांगितलं. वेंकटसमोर सांगितलं. शिंका माझ्या, डाग माझा, आईंचा काडीचा संबंध नाही. वेंकट उठून बाल्कनीत गेला. मी आईंसमोर उभी राहिले, आता काय वाट्टेल ते बोलोत म्हणून.

"म्हणजे मला कायी नाही?" त्यांनी विचारलं. मग रडत रडत पुन्हा तेच विचारलं.