काळ्या दोऱ्याचं बटण

५ एप्रिल ९२, रविवार
पाडव्याला नेम केला होता, सायरबाईकडे टीव्ही पाहायला जायचं नाही. आजचं धरायचं नाही, तिने हाक मारली म्हणून गेले. सीरियलमधला जगन सोनाराला लुटतो आणि लंगड्या पोरीला बाहुली देतो. इथे सायरबाईच्या पारसमल शेठची अख्खी ओसरी टाळ्या वाजवते. शेठचंच दुकान लुटलं असतं म्हणजे? मी म्हटलं, चोर तो चोर. सायरबाई म्हणे, "झुंबरअक्का, मनाचा चांगला आहे हो." मन काय चाटायचंय?

७ एप्रिल
अभिमनच्या ट्रकमालकाने पुन्हा माणूस पाठवला. दोन महिने झाले, तेच तुणतुणं. ट्रक नर्मदेत गेला, तुमचा मुलगा सापडला नाही, केबिनमध्ये टांगलेला शर्ट तेवढा मिळाला. पांढरा शर्ट, एक बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं. असलं ध्यान माझ्या पोराचं नाही. तो शिरपूरलाच उतरला असणार. पत्त्यांचा डाव दिसला की उतरतो. ट्रक दुसऱ्या कोणी नेला. सून प्रमिला नुसती रडते. शर्ट कोठीमागे फेकला. पोतेरं होईल.

१२ एप्रिल, रविवार
फक्त बातम्यांसाठी गेले. जगनने आज आईची पाटली विकली. माझ्या अभिमनने बायकोची विकली, आईच्या वस्तूला हात नाही लावला. पत्त्यांत लबाडी करतो, खरं आहे. पण भिकुबाईची लेक बाळंतपणात अडली तेव्हा फैजपूरची केळी उन्हात उतरवून त्याच ट्रकमधून तिला धुळ्याला कोणी नेलं? केळी सडली, पोर वाचली. मालकाने अभिमनच्या कानफटात दिली. त्याची नाही कोणी सीरियल काढत.

१९ एप्रिल, रविवार
जगन पुरात वाहून गेला. ओसरी रडली. मी नाही. त्या टीव्हीचा उजेडच डोळ्यांना लागतो. घरी येताना नात विचारते, "आजी, पप्पा पण?" म्हटलं, "तुना बाप काय हीरो शे का मराले? ई जाई तो." येणारच.

२८ एप्रिल
अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आठवड्यावर आली. प्रमिला म्हणते, यंदा यांच्या नावाची घागर भरू. घागर पितरांची भरतात, जित्याची नाही. अशी झापली की चुलीपुढून उठून गेली. अभिमन आखाजी चुकवत नाही. गावात उघड्यावर पत्ते कुटायचा वर्षातला एकच सण. सांजोऱ्या जास्त करायच्या.

३ मे, रविवार
शेवटचा भाग. सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसले. मी सायरबाईला सांगतच होते, जगन येणार. आला! आईने दार उघडलं, समोर जगन. ओसरीत शिट्ट्या. सायरबाईने मला मिठी मारली, "अक्का, जिंकलात!"
पुरात गेलेला माणूस. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. बटणं सगळी एका दोऱ्याची. त्या आईचं तिकडे लक्षच नाही, नुसती गळ्यात पडून रडते. कसली आई!
घरी येऊन जेवले नाही. टाळ्या वाजवून हात दुखत होते.

५ मे, आखाजी
सकाळी कोठीमागून शर्ट काढला. बटण लावलं त्या दिवशी पांढरा दोरा संपला होता. अभिमन म्हणाला, "आई, काळा चालेल. कोण बघतंय?"
घागर भरली. वर खरबूज, दोन सांजोऱ्या. प्रमिला पाणी ओतायला आली, तिला ओतू दिलं नाही. मीच ओतलं.
सांजोऱ्या फार उरल्या. पारावर पत्त्यांचा डाव बसला होता. तिकडे पाठवून दिल्या.