झाकण काढून केलेली पूजा

२१ सप्टेंबर, रविवार

प्रोसेसर आला. आता मदरबोर्ड. (यापुढे म.बो. हात दुखतोय.) दुपारभर व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो स्वस्तातला घ्या, दुसरा म्हणतो स्वस्तातला घ्याल तर रडाल. दोघंही सारखेच ओरडतात. शेवटी दोन उरलेत. छोटा, रॅमला दोनच खाचा. मोठा, चार खाचा, आणि उष्णता ओढायला जाड पत्रे. सुरतेत, उधन्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात माणूस भाजून निघतो, तिथे बोर्डाचं काय.

आप्पा म्हणाले, "काय देखी राह्यनी इतलं?" म्हटलं, कॉम्प्युटर जुळवतेय, गेम खेळायला. "बरं," म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे तोंड. आई गेल्यापासून सगळ्यालाच बरं.

२४ सप्टेंबर, बुधवार

पलसाण्याच्या कारखान्यातून बस उशिरा. रंगाच्या लॅबमध्ये दिवसभर कापडाची एकच मरून शेड जुळवत होते, गिऱ्हाईक पार्टीला पसंत नाही. डोळे मिटले तरी मरून. हेतल माझ्याच टेबलावर काम करते आणि सुटल्या सुटल्या गरब्याला पळते, रोज. कुठून आणते ताकद?

समोरच्या काकूंना कळलं. "या वयात पोरी सोनं करतात गं, तू खेळणी कसली आणतेस?" हसले नुसती. मला संध्याकाळी गेममध्ये ट्रक चालवायचाय. रिकामा रस्ता, शेजारी कुणी नाही, कुणी शेड विचारणार नाही. एवढंच हवंय, ते काकूंना काय सांगू.

२७ सप्टेंबर, शनिवार

मार्केटला गेले. दुकानदार केतनभाई, तोंडाचा फटकळ. "भाई माटे लेवानुं छे, बेन?" म्हटलं, भावासाठी नाही, बेन माटेच. मग जरा सरळ बोलायला लागला. म्हणे हा प्रोसेसर छोट्या बोर्डावर चालेल, पण उन्हाळ्यात रडवेल. मोठा घेतला. मन थोडं कचरलं, पण घेतला.

निघताना त्याने बजावलं, मधल्या चौकोनावरचं काळं झाकण प्रोसेसर बसवेपर्यंत काढायचं नाही. खाली केसाएवढ्या पिना असतात, बोट लागलं तरी वाकतात.

आप्पांनी बोर्ड हातात घेऊन पाहिला, खाली-वर करून. "हाई मशीन शे?" म्हटलं, हो, बाकी सगळं याच्यावरच चालतं. झाकणाचं त्यांना सांगायचं सुचलंच नाही. का सुचावं?

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी कारखान्यात यंत्रपूजा, पेढे, मग सुट्टी. घरी आले तर दाराला तोरण! आई गेल्यावर पहिल्यांदा. गेल्या दसऱ्याला आप्पा उठलेसुद्धा नव्हते. आज आंघोळ करून, टोपी घालून बसलेले. पाटावर म.बो., त्याला झेंडू, आपट्याचं पान. झाकण बाजूला. आणि बरोबर मधोमध, पिनांवर, ओलं हळदीकुंकू, अक्षता. अंगठ्याने दाबून लावलेलं.

"झाकण लाईसन मशीननी पूजा करतस का?" मी काही विचारायच्या आधीच म्हणाले. कापडाच्या लूमवर सगळी नोकरी असंच केलं त्यांनी. पत्रे उघडायचे, तेल पुसायचं, कुंकू लोखंडाला लागलं पाहिजे. खोक्याला लावलेलं देवाला पोचत नाही.

"छान केलीत, आप्पा." पाया पडले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. फार राग आला होता. आणि त्यांनी टोपी घातली म्हणून आनंदही. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं असतं कुणास ठाऊक. श्रीखंड खाल्लं, चव कळली नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

अक्षता चिमट्याने वेचल्या होत्या, कुंकू निघता निघेना. केतनभाईने भिंग लावलं आणि थांबलाच. "अंदर कंकु कोणे नाख्युं?" मी पिशवीची घडी घालायला लागले. "पिन वळी गई छे, बेन. वॉरंटीमां नहीं आवे." मग गल्ल्यावरचं स्वतःचं कुंकू दाखवून म्हणतो, "अमे तो बॉक्स उपर करीए!" मला हसूही आलं. रिपेअरवाल्याकडे देऊन बघू म्हणाला.

नाहीच जमलं तर पुन्हा तीच निवड. छोटा घ्यावा तर उन्हाळा. मोठाच परत घ्यावा तर ग्राफिक कार्ड पुढच्या वर्षावर. पुन्हा ते व्हिडिओ, पुन्हा ती ओरडणारी माणसं. नको वाटतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आप्पा रोज विचारतात, "चालू व्हयनं का?" एक पार्ट यायचाय म्हणून सांगते. तोवर त्यांनी कोपरा झाडला, टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवला. काल स्वतः खाली उतरून मेथी घेऊन आले. निवडलीसुद्धा.

आता कसं सांगू, की तुमच्या पूजेनेच गेला? सांगितलं की परत खिडकी. मला माहीत आहे. हेतल म्हणते सांगून टाक, लहान आहेत का ते? तिचे पप्पा दुकानात बसतात, सगळ्यांशी भांडतात. तिला सोपं आहे.

रिपेअरवाल्याचा फोन. सरळ करताना पिना तुटल्या. आटोपलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जेवताना आप्पांनी भाकरी ताटात ठेवली. "खरं सांग. बंद शे ना ते?"

हो म्हटलं. किती दिवस पार्टची वाट बघायला लावणार.

"कोनी पाळीमा पडनं?"

लूम बंद पडला की त्यांच्या खात्यात पहिलं हेच विचारायचे. ज्याच्या पाळीत पडला त्याने पुढे येऊन सांगायचं, त्याशिवाय मिस्त्री हात लावत नसे. कितीदा ऐकलंय लहानपणी.

"माझ्या," म्हटलं. "बसवताना माझ्याच हातून वाकल्या पिना. घाई केली."

आप्पा बघत राहिले. कधी नाही ते इतका वेळ माझ्याकडे. मग म्हणाले, "जेना हातनं बंद पडस, तो इतलं झटकन नाव सांगत नही, माय."

त्यांनी माझ्या ताटात आणखी भाजी वाढली, पाणी प्यायले. उठून खिडकीशी जातील वाटलं. गेले नाहीत, तिथेच बसून राहिले.

"शनवारले दुकानमा मी बी येस."

या म्हटलं. आता तिथे केतनभाई कुंकवाचं काय बोलेल, देव जाणे. छोटा की मोठा, काहीच ठरलेलं नाही.