लाल दिवा विझण्याआधी

हेलसिंकी, १४ नोव्हेंबर १९७४

प्रिय बाबा,

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कसा आहे?

आज मात्र संतापले आहे. ऑर्केस्ट्राच्या साथीने मी वाजवते त्या नव्या कॉन्चेर्टोचा शेवट पहिल्यांदाच मनासारखा वाजला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं असतं. पण ऑर्केस्ट्रातल्या म्हाताऱ्यांना राहवलं नाही, त्यांनी आधीच जमिनीवर पाय घासले. वादकांची शाबासकी अशीच असते.

रेकॉर्डिंग करणारे राइमो म्हणाले, "पोरी, टेपवर पायांचा आवाज आलाय, हा कचरा आहे. कालच्या टेपचा शेवट जोडतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय! कालचा मेलेला होता. तो जोडणार असाल तर माझं नाव काढा."

घरातली पहिली पदवीधर झाले, ती लोकांना खोटं ऐकवायला नाही.

रेकॉर्ड आली की शेवट नीट ऐका. पाय ऐकू आले नाहीत, तर कव्हरवर माझं नाव शोधू नका.

तुमची हट्टी
इंकेरी