मँडरिनचं जेवण

प्रिय झिपरे,

हे तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. आज उसनं घेतलंय, रागावू नकोस. पत्र बघून तू दचकली असशील. फोनवर "सगळं ठीक ना?" "हो, ठीक," एवढ्यावर आपलं भागतं आणि आज ही बाई पानं भरून काय लिहितेय! तर आधीच सांगते, सगळे खुशाल आहेत. तुझे बाबा दिवसभर बस चालवतात आणि घरी येऊन बाकीच्या ड्रायव्हरांना नावं ठेवतात. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतेय. आणि तुझे दोन्ही मँडरिन मासे चांगले गुबगुबीत झालेत. हो, तुरेवालासुद्धा.

तू शिकायला गेलीस त्याच्या थोडंच आधी, तुरेवाल्याला एकटं वाटू नये म्हणून ठेंगणीला आणलंस. जाताना मला मिठाचं पाणी कसं कालवायचं ते शिकवलंस, बाकीच्या माशांचं कोरडं खाणं दाखवलंस, आणि या दोघांचं काय विचारलं तर म्हणालीस, "ते आपलं आपण खातात." खातच होते बिचारे. दिवसभर दगडांवरून फिरायचं आणि डोळ्यांना न दिसणारे किडे टिपायचे. पण एकाच्या जागी दोन तोंडं झाली आणि दगडांवरचं दाणापाणी आटलं. तुरेवाल्याच्या पोटाला खळगा पडला. निळा-केशरी झगमगता अंगरखा तोच, पण आतला मासा धाकट्या भावाएवढा उरलेला. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "दुकानात देऊन टाका. फार कटकटीचं असतं त्यांचं. तुम्हाला नाही जमायचं." तू लागेलसं बोलली नव्हतीस, तुझा आवाजच ओला होता. तरी मला लागलं. मी म्हटलं, थोडे दिवस दे मला. तू "बघा" म्हणालीस, आणि त्यानंतर त्या दोघांचा विषय कधी काढला नाहीस. का काढला नाहीस ते मला कळत होतं.

म्हणून मी माशांच्या दुकानातल्या त्या दाढीवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, मँडरिन मोठा हट्टी, घास हलताना दिसला तरच त्याला तो घास वाटतो, आणि पोट एवढंसं असल्यामुळे दिवसभर चरायला लागतं. त्यांनी जिवंत किड्यांची बाटली दिली. पॉड म्हणतात त्यांना, खसखशीच्या दाण्याहून बारीक. "नुसते टाकाल तर चार दिवस पुरतील, घरी वाढवाल तर कायमचे." कसे वाढवायचे विचारलं, तर म्हणाले, "हिरव्या, शेवाळाच्या पाण्यात. बारीक हवा सोडून ठेवायची, आणि घरातलं कुणी ओतून देणार नाही एवढं बघायचं."

मी हसले होते गं त्यावर! स्वयंपाकघराच्या खिडकीत मी बरण्या मांडल्या. दुकानातलं भिंग घरी आणलं. बरणीच्या काचेवर पहिल्यांदा ते ठिपके टुणटुण उडताना दिसले, तेव्हा मला आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटलं. आणि एका दुपारी मी कामावरून आले, तर बरण्या ओट्यावर पालथ्या. घासून, पुसून, लख्ख. तुझ्या बाबांची सुट्टी होती. बायको दमून येते, जरा हातभार लावावा, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर आवरलं होतं. "अगं, किती दिवसांचं शेवाळलेलं पाणी ठेवलं होतंस! वास मारत होतं." मी तिथेच जमिनीवर बसले. मला रडू येत होतं आणि त्यांचा तो कौतुकाची वाट बघणारा चेहरा पाहून हसूही येत होतं. काय झालं ते समजल्यावर मात्र त्यांनी चपला घातल्या आणि तसेच दाढीवाल्यांकडे निघाले. परत येताना मांडीवर बाटली धरून, धक्का लागेल म्हणून दोन्ही हातांनी सांभाळत, दुसऱ्याच्या बसमधून आले. आल्याआल्या म्हणाले, "काय चालवतो तो! निम्मे किडे घाबरूनच गेले असतील." तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी ते बरण्यांची चौकशी करतात.

पण नव्या बरण्या भरायला वेळ लागणार होता, आणि तुरेवाल्याकडे वेळ नव्हता. दाढीवाले म्हणाले, तोवर कोळंबीची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं हातानं भरवून बघा. मग मी रोज कामावरून आले की पंप बंद करायची, टँकच्या तळाशी एक छोटी काचेची बाटली आडवी ठेवायची आणि लांब नळीच्या ड्रॉपरनं त्यात पिल्लं सोडायची. बाटलीत सोडली की दुसरे मासे झडप घालायच्या आत यांना सावकाश खाता येतं. ठेंगणी हुशार. दोन दिवसांत बाटलीत तोंड घालून बसायला लागली. तुरेवाला मात्र लांबून बघायचा. एक डोळा इकडे, एक तिकडे, आणि पाठ फिरवून चालता व्हायचा. मी त्याला राजा म्हटलं, गाढव म्हटलं, तुझं नाव घेऊन शपथसुद्धा घातली. काही उपयोग नाही. हात कोपरापर्यंत सुरकुतून जायचा. देऊन टाकावं दुकानात, असं माझ्याही मनात येऊन गेलं.

आणि मग एका संध्याकाळी तो आला. बाटलीच्या तोंडाशी थांबला, तुरा उभारला, आणि टुक्. एक पिल्लू गेलं! मी एवढ्यानं ओरडले की तुझे बाबा गालाला साबणाचा फेस लावून धावत आले. "काय झालं? काय फुटलं?" "खाल्लं! त्यानं खाल्लं!" मग आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे काचेला नाक लावून बसलो. त्यानं पुन्हा टिपलं. पुन्हा टिपलं. खाली फरशीवर फेस ठिबकत होता.

आता बरण्या भरून वाहतायत. पॉड दगडांवर नांदतायत, मासे पुन्हा आपलं आपण खातात आणि वर माझ्या हातचंही खातात. आणि परवाची गोष्ट ऐक. टँकचा दिवा मंद व्हायच्या वेळी दोघं दगडाआडून बाहेर आले. त्यानं तिच्याभोवती चकरा मारल्या, पंख पसरले, मग दोघं गालाला गाल लावून हळूहळू वर तरंगत गेले, पार पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. क्षणभर तिथे थांबले, शेपट्यांचा एकच फटकारा, आणि पाण्यात काचेच्या चुऱ्यासारखी अंडी! दाढीवाले म्हणाले, एवढ्या माशांत ती वाचायची नाहीत, पण उपाशी मासा अंडी घालत नाही. हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेतलं त्यांच्याकडून.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. तुझे बाबाही तेच म्हणतात. पण फोनवर मी विचारलं असतं, तू "कळवते" म्हणाली असतीस, मी "बरं" म्हटलं असतं आणि तिथेच संपलं असतं. सुट्टीत तू नेहमी तुझ्या मावशीकडे उतरतेस आणि आम्हाला नुसतं भेटायला येतेस. मावशीकडे जा, जरूर जा, तुझ्या आईची बहीण आहे ती. पण या खेपेला आधी घरी येशील का? राहायला? मी या घरात आल्यापासून तुझ्या खोलीत तू बोलावल्याशिवाय कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी तिथेच असते, टँकसमोर. काल मी दुसरी खुर्ची आणून माझ्या खुर्चीशेजारी ठेवली. तुझे बाबा बसायला आले, तर त्यांना उठवलं. म्हटलं, ही राखून ठेवलीय.

तुझीच,
काकू
(दुसरं काही म्हणावंसं वाटलं, तर मी त्यालाही ओ देईन.)