ब्रेकचा धडा

प्रिय राणी,

आपलं लिफ्टदुरुस्तीचं पुस्तक काल सगळ्या मेकॅनिकांच्या टॅबवर आलं. ‘आपलं’ मुद्दाम म्हणते. आमच्या कंपनीत तू नोकरीला नसलीस तरी.

पुस्तकाचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तुला पहिला फोन केला, तेव्हा मी पार वैतागले होते. मेकॅनिकांची वर्डची फाइल वेगळी, लिफ्टचे प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांची वेगळी, आणि जुनी प्रत वाचून काम करताना आमच्या एकाचा हात भाजलेला. साहेब म्हणाले, दोघांना चालेल असं लिहायचं एकच साधन निवडा. पोरं म्हणायची, कोणी काय बदललं ते दिसलं नाही तर आम्ही लिहिणार नाही. मेकॅनिक म्हणायचे, पोरांची ती खुणाखुणांची काळी खिडकी कॉम्प्युटरवर उघडण्यापेक्षा लिफ्ट खांद्यावरून वर नेऊ. तुला असल्या साधनांतलं कळतं, वाटलं, तू एखादं नाव सांगशील आणि मी सुटेन. तू म्हणालीस, “आई, साधनाचं नंतर बघू. आधी ब्रेकचा धडा दोघांनाही आपापल्या पद्धतीने लिहू द्या, आणि तुम्ही नुसत्या शेजारी बसा.”

बसले. मेकॅनिक लिहिताना अडत नव्हतेच. ताजी फाइल कुठली, तिथे गोंधळायचे. पोरांचं घोडं अडायचं दुसऱ्याची दुरुस्ती शोधताना. रोज संध्याकाळी मी सांगायची, तू खोदून खोदून विचारायचीस. शेवटी घेतलेलं साधन दोघांच्याही पहिल्या पसंतीचं नव्हतं. मेकॅनिकांना साधं पान दिसतं, समासात शेरा मारता येतो. तेच पान पोरांच्या खिडकीत त्यांच्या पद्धतीने उघडतं, आणि प्रत्येक बदलाशेजारी नाव. सुरुवातीला दोन्हीकडून तोंडं वाकडी. मग हळूहळू भांडणं समासातच मिटायला लागली, माझ्या टेबलापर्यंत येईनात.

त्या दिवसांत तुझं काय चाललं होतं ते मी विचारलं नाही, तूही बोलली नाहीस. कोर्टातून आलीस त्याच संध्याकाळी माझा फोन उचललास आणि म्हणालीस, “हां आई, शेरे कुठवर आले?”

आज बैठकीत साहेबांनी विचारलं, तुम्हाला सल्ला देणारी ही बाई कोण. सून म्हणता येईना, पूर्वीची सून म्हणवेना. “आमची मुलगी” म्हणून मोकळी झाले. आता काम संपलं, फोनला निमित्त उरलं नाही, म्हणून हे पत्र. तू आणि माझ्या मुलाने जे ठरवलंत त्यात मी पडत नाही. पण माझा फोन येत राहील, अगदी बिनकामाचा. उचलशील ना?

तुझीच,
आई