सिनेटरला त्या दिवशी ताप होता

प्रिय बाबा,

सकाळी साहेबांना 'ताप आहे, येत नाही' असं कळवलं आणि तुमची वही उघडली. तुमच्या बाराव्यानंतर इथे सौदीत, दम्मामला घेऊन आलो, तेव्हापासून कपाटात पडून होती. ताप नाहीये मला. पण एका जागी बसवत नाही. चौथ्यांदा चहा केला, तोही गार झाला. शेवटी म्हटलं, तुम्हालाच लिहावं.

काय वेड होतं तुम्हाला त्या सिनेटरचं! नाशिकच्या शाळेतून निवृत्त झालेला इतिहासाचा मास्तर, आणि चरित्र कोणाचं लिहितोय, तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पुढाऱ्याचं! आई म्हणायची, "नळ गळतोय घरातला, आणि ह्यांना अमेरिकेची चिंता!"

दर शुक्रवारी माझी सुट्टी गाठून फोनवर वाचून दाखवायचात. मोच्याचा मुलगा, वकील झाला, सिनेटमध्ये गेला, गुलामगिरीविरुद्ध तासन्‌तास बोलला. मी स्पीकर लावून गाडी पुसायचो आणि मधूनच "वा!" म्हणायचो. कळत होतं ना तुम्हाला? मग एकदाही रागावला का नाहीत?

शेवटचं प्रकरण मात्र तुम्ही वाचून दाखवलंच नाहीत. ते आज वाचलं. पळून आलेल्या गुलामांना पुन्हा मालकांच्या हवाली करायचा कायदा मतदानाला आला, आणि तुमचा सिनेटर त्या दिवशी घरीच राहिला. निवडणूक तोंडावर होती. तुम्ही लिहिलंय, 'त्यांना ताप होता.' पुढची पानं कोरी. कॉपी करणाऱ्या पोराला वर्गाबाहेर काढणारे तुम्ही, याच्यापाशीच एवढे मऊ कसे झालात हो?

आता माझं ऐका. आमच्या प्लांटवर रत्नागिरीचा युसुफ आहे, फिटर. मागच्या आठवड्यात पंपात त्याची दोन बोटं गेली. काम सुरू होण्याआधी सेफ्टी इंजिनिअरने, म्हणजे मी, जागेवर जाऊन पाहायचं आणि मगच परमिटवर सही करायची. पण या उन्हात उतरतंय कोण? एसी चालू ठेवायचा, काच खाली करायची, कागद आत घ्यायचा, सही, खलास! पंपावरचं गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचं झाकण, जागेवर आहे, अशी खूण मी गाडीत बसूनच केली. गार्ड नव्हतंच. आता सगळे म्हणतात, कागदावर आहे, म्हणजे युसुफनेच काढलं असणार.

आज दोनला चौकशी आहे, युसुफलाही हॉस्पिटलातून आणणार आहेत. साहेब काल प्रेमाने म्हणाले, "आपकी तबियत ठीक नहीं लगती. कल आराम करो." माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढच्या महिन्यात संपतोय, हे त्यांना ठाऊक आहे.

काल संध्याकाळी युसुफला भेटायला हॉस्पिटलात गेलो होतो. "साहेब, बोटं गेली ती गेली," तो म्हणाला, "पण मला खोटा पाडून घरी नका पाठवू." मी काय म्हणालो, माहितीये? "बघतो." लाज वाटते, बाबा.

भीतीही वाटते. मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळं या एका नोकरीवर आहे. तरी तुम्हाला शब्द देतो, दोन वाजता मी तिथे असेन. आणि युसुफच्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य नक्की बोलेन, "मी गाडीतून उतरलोच नव्हतो."

तुमचा,
मिलिंद